मु. पो. उजवा गुडघा

प्रति,
श्रीमान स्टॅफिलोकॉकस ऑरियस,
मु. पो. उजवा गुडघा,
द्वारा आमच्या सौभाग्यवती, पुणे.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण सध्या जिच्याकडे मुक्कामाला आहात त्या आमच्या हिच्या गुडघ्यावर आणखी एक शस्त्रक्रिया ठरली आहे. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी, जास्त वेळ चालणारी आणि जास्त जोखमीची. एवढं कार्य केवळ आपल्या कृपेने घडत असताना जाहीर आभार मानले नाहीत, तर लोक मला कृतघ्न म्हणतील. आपल्याला डोळे, कान आणि मेंदू नाहीत हे मी जाणून आहे. पण या देशात खुली पत्रं ज्यांना लिहिली जातात, त्यांच्याबद्दल तरी वेगळं काय सांगता येतं?

आपलं घराणं मोठं, हे आधी मान्य करतो. १८८० मध्ये अ‍ॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात त्यांना आपले पुंजके दिसले. दोन वर्षांनी त्यांनीच आपलं बारसं केलं. १८८४ मध्ये जर्मनीच्या रोझेनबाख यांनी आपला सोनेरी रंग पाहून ‘ऑरियस’ ही पदवी बहाल केली. हा रंग नुसता मिरवण्यासाठी नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या पांढऱ्या पेशी आपल्याला मारायला जी जहाल रसायनं सोडतात, ती हे सोनेरी रंगद्रव्य निष्प्रभ करतं. आमच्याकडे लोक अंगावर सोनं घातलं की चोराला भितात; आपण सोनं घालून पोलिसांनाच दाद देत नाही.

आपलं मूळ गावही फार लांब नाही. दर दहा माणसांत साधारण तिघांच्या नाकात आपण कुणाला काडीचाही त्रास न देता राहता. तेव्हा गुडघ्यात आपण कुणाच्या नाकातून आलात, हिच्या, माझ्या, की मास्कआडच्या कुणा तिसऱ्याच्या, ही चौकशी मी करत नाही. चांगल्यात चांगल्या ठिकाणीही शंभर सांधे बदलले की एखाद्यात जंतुसंसर्ग होतोच. नातेवाइकांना मात्र चौकशीची फार हौस. कुणी म्हणालं, हॉस्पिटल चुकलं. कुणी म्हणालं, दिवस चुकला, अमावास्या होती. एक मावशी म्हणाल्या, गुडघा बदलायचाच कशाला, एरंडेल तेल लावायचं. या सगळ्या धुरळ्यात आपलं नाव कुणी घेतलं नाही. म्हणून ते मी इथे ठळक अक्षरांत घेतो आहे.

आता गुडघ्याविषयी. ही महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. बसून शिकवणं हिला कधी मान्य नव्हतं. निवृत्त झाली तेव्हा कूर्चा झिजून हाडाला हाड लागलं होतं. सांधा बदलला आणि बाई पुन्हा पर्वती चढू लागल्या. मग गुडघा गरम लागायला लागला, लाल झाला, सुजला. रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, चढला. सांध्यातलं पाणी सुईने काढून प्रयोगशाळेत पाठवलं आणि अहवालात आपलं संपूर्ण नाव छापून आलं. खाली औषधांची यादी होती आणि त्यातल्या बऱ्याच नावांपुढे ‘आर’ लिहिलं होतं. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट. आपण या औषधांना जुमानत नाही, असा तो दाखला.

आत शिरताना आपण मूठभरही नसाल. तेवढे पुरतात, हे १९५७ मध्ये इलेक आणि कोनेन या दोघांनी दाखवून दिलं आहे. त्यांनी स्वयंसेवकांच्या कातडीत आपल्याला टोचलं आणि पू व्हायला आपण किती लागता याची मोजदाद केली. नुसत्या कातडीत दशलक्षांची फौज लागत होती. तिथेच रेशमाचा एक टाका असला की काही शेकड्यांत काम होत होतं. हिच्या गुडघ्यात तर कोबाल्ट-क्रोमियमचा अख्खा सांधा आणि मधे पॉलिथिलीनची चकती. म्हणजे आपल्यासाठी पायघड्याच.

धातूवर आपण आधी चिकटता, मग भोवती एक बुळबुळीत थर पसरता आणि त्याच्या आत निवांत पडून राहता. डॉक्टर त्याला बायोफिल्म म्हणतात. एरवी आपल्याला मारायला औषधाची जी मात्रा पुरते, तिच्या शेकडो पट मात्राही या थराआड पुरी पडत नाही. धातूला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे आमच्या पांढऱ्या पेशी तिथे धड पोचत नाहीत. ज्या प्रतिपिंडांनी आपल्याला पकडून द्यायचं, त्यांनाच आपण अशा भलत्या टोकाने धरून ठेवता, की ती कुणाच्या उपयोगाची राहत नाहीत. आपली काही मंडळी तर हाडाच्या पेशींच्या आत जाऊन झोपतात आणि महिन्यांनी उठतात. इतका धीर माझ्यात असता तर माझं पेन्शनचं प्रकरण एव्हाना मार्गी लागलं असतं.

औषधांचा इतिहासही आपल्यामुळेच समृद्ध झाला. १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या ज्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलिनचा शोध लागला, त्या बशीत मेले ते आपलेच भाऊबंद. पण चाळीसच्या दशकातच आपण पेनिसिलिन पचवायला शिकलात. १९५९ मध्ये खास आपल्यासाठी मेथिसिलिन आलं. १९६१ मध्ये ब्रिटनमधून बातमी आली की तेही आपल्यावर चालत नाही. आपल्या या प्रगतीत आमच्या समाजाचा वाटा मोठा आहे, तो मी नाकारत नाही. घसा दुखला की दुकानातून तीन गोळ्या आणायच्या, दोन घ्यायच्या आणि उरलेली शेजारणीला द्यायची, ही आमची परंपरा आहे. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकं ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आली; दुकानदाराने चिठ्ठी पाहूनच ती द्यायची आणि वहीत नोंद ठेवायची, असा नियम झाला. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तो नियम अजून चालत चालत येतो आहे. बहुधा त्याचाही गुडघा दुखत असावा.

आपल्यावर पहिला हल्ला झाला तो धुण्याचा. सांधा उघडला, सलाइनने खळाखळा धुतला, मधली चकती बदलली आणि पुन्हा शिवला. सूज आली आली म्हणताच हे केलं तर पुष्कळदा भागतं. आपण तोवर स्थिरावला होतात. मग सगळा धातू काढावा लागला. रिकाम्या जागेत प्रतिजैविकं मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गुडघा बसवला. हे सिमेंट म्हणजे अ‍ॅक्रिलिक. हाडांकडे ते आलं दंतवैद्यांकडून. त्यात प्रतिजैविक कालवण्याची युक्ती हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांची. आधी धातू काढा, सहा आठवडे शिरेतून औषध द्या, जंतू गेल्याची खात्री करा आणि मगच नवा सांधा बसवा, ही दोन टप्प्यांची पद्धत न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल यांनी १९८३ मध्ये मांडली. आपल्या एका मुक्कामासाठी किती देशांची माणसं राबली, ते पाहा.

औषध म्हणजे व्हँकोमायसिन. पन्नासच्या दशकात बोर्निओच्या जंगलातून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीत ते सापडलं. सुरुवातीला ते इतकं गढूळ असायचं की ते तयार करणारेच त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणायचे. हिच्या दंडातून एक बारीक नळी हृदयाजवळच्या शिरेपर्यंत नेली होती, तिच्यातून ते जायचं. घाईने सोडलं तर अंग लाल होतं, खाज सुटते, म्हणून थेंब मोजत बसायचं. मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन तपासत राहायचं. साखर वाढली तर आपली चंगळ, म्हणून हिचा चहा बिनसाखरेचा आणि तिला सोबत म्हणून माझाही. पायाला ब्रेस, हाताशी वॉकर, खोलीत कमोडची खुर्ची. जिने उभ्याने वर्ग सांभाळला, तिला मी कपडे बदलायला मदत करायचो तेव्हा ती भिंतीकडे पाहायची. आपण हे सगळं आतून पाहिलंत. पाहुण्याने यजमानाच्या घरचं बाहेर बोलू नये. आपण बोलला नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

खर्चाचं सांगत नाही. सांगतो म्हटलं तरी आपल्याला पैशाचं काय? ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना लगाम घातला, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ठरली ५४,७२० रुपये आणि दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या सांध्याची १,१३,९५० रुपये. म्हणजे आपण येऊन गेलात की नुसत्या धातूचाच भाव दुप्पट. बाकीचं बिल त्याहून लांब असतं.

आता ठरलेल्या शस्त्रक्रियेकडे येतो. रक्ताचे आकडे उतरले आहेत, गुडघा थंड आहे, तरी आपण खरंच गेलात का हे छातीठोकपणे कुणी सांगत नाही. हाड झिजलंय, म्हणून नवा सांधा मांडीच्या आणि नडगीच्या हाडात लांब दांडे घालून बसवावा लागेल. पुन्हा पुन्हा उघडल्यामुळे आत जाड वण झालेत. ते सोडवताना वाटीखालचा कंडरा तुटू शकतो. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. हिच्या हृदयात पूर्वीचा स्टेंट आहे. रक्त पातळ करणारी गोळी थांबवली तर त्याची धास्ती, चालू ठेवली तर रक्तस्रावाची. आणि या सगळ्यातून निभावलं तरी आपण परत येऊ शकता. अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणांकडे आपण फिरकत नाही, असं डॉक्टर सांगतात. उरलेल्यांपैकी काहींसाठी गुडघा कायमचा ताठ जोडून टाकणं किंवा मांडीतून पाय काढणं, एवढंच शिल्लक राहतं.

हे सगळं मला पहिल्यांदा सांगायचं ठरलं होतं ते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. ज्युनिअर डॉक्टर दारात आला आणि हळूच म्हणाला, “काका, जरा बाहेर येता का?” मुलगा सज्जन होता. पेशंटला घाबरवायचं नाही, नातेवाइकाला सांगायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. मी म्हटलं, “इथेच बोला. गुडघा आत आहे.”

इथून पुढे ‘आपण’ बंद. अरे-तुरेवर येतो.

तू हाड खाल्लंस, झोप खाल्लीस, पैसा खाल्लास. पण तुझा खरा पराक्रम यापुढचा आहे. तू आलास की घरातली माणसं आजारी माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे बोलायला लागतात. मुलगी ब्रिस्बेनहून मला वेगळा फोन करते, “आईला सांगू नका, पण...” मेहुणे स्वयंपाकघरात येऊन आवाज खाली करतात. “तुम्हीच काय ते ठरवा, ती भावनेच्या भरात हो म्हणेल.” चाळीस-चाळीस मुलांना शिस्तीत ठेवणारी बाई एकदम घरातलं सगळ्यात लहान मूल होते. हे तुझं विष कुठल्याच प्रयोगशाळेच्या अहवालात येत नाही.

यावर औषध आहे, आणि ते सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच लिहून दिलं आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, असा तो खटला. तपासणीसाठी भूल दिलेली बाई टेबलावर असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं होतं. न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं; तेव्हा आईची संमती ग्राह्य नाही. आईची नाही, तर नवऱ्याची कुठून असणार? मी ही गोष्ट हिला वाचून दाखवली. ती म्हणाली, “अहो, गुडघा माझाच आहे, हे न्यायालयाला सांगावं लागतं?”

पुढच्या भेटीला ही चाकाच्या खुर्चीत पुढे आणि मी मागे वही घेऊन. तिनेच विचारलं, “डॉक्टर, मला शेकडा नका सांगू. स्वतः तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्यात आणि त्यातल्या किती जणी आज आपल्या पायांनी भाजी आणायला जातात, ते सांगा.” डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं. मग तिने विचारलं, काहीच केलं नाही तर? सिमेंटचा गुडघा झिजेल, तुटेल, उभं राहणं अवघड होत जाईल. नुसता ताठ जोडला तर? दुखणं जाईल, पण बसमध्ये, नाटकाच्या खुर्चीत पाय समोर पसरूनच बसावं लागेल. जन्मभर गोळ्या घेऊन दाबून ठेवलं तर? एरवी तो पर्याय असतो, पण या जंतूवर चालणाऱ्या गोळ्या थोड्या आणि त्यांचे त्रास बरेच. आणि उघडल्यावर आत पुन्हा पू दिसला तर? तेव्हा तिथल्या तिथे हाडाजवळचा तुकडा तपासायचा आणि पू असेल तर नवा सांधा न बसवता पुन्हा सिमेंट भरून शिवायचं. सगळी उत्तरं मी लिहून घेतली. माझं अक्षर वाईट आहे, हे तिने तिथेही सुनावलं.

लोक मला म्हणतात, तिला धीर द्या. सगळं छान होईल, असं म्हणा. मी म्हणत नाही. एका रात्री तिने विचारलं, “पाय गेला तर?” सकाळी मी टेप घेऊन न्हाणीघराचा दरवाजा मोजला. चाकाची खुर्ची आत जात नाही. चौकट काढून सरकतं दार बसवता येईल, असं सुतार म्हणाला. ओट्याची उंची, पलंगाची उंची, सोसायटीच्या फाटकाशी उतार करता येईल का, ते सगळं दोघांनी बसून कागदावर मांडलं. पाय गेल्यावरचं घर असं आमच्यासमोर उभं राहिलं आणि त्यात ती राहू शकत होती. त्या रात्री ती झोपली.

निर्णय तिचा झाला आहे. नवा सांधा बसवायचा. संमतीपत्रावर छापील मजकुराखाली तिने स्वतःच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात लिहिलं आहे : “मी शुद्धीवर असताना विचारल्याशिवाय पाय काढू नये.” खाली तिची सही. माझी सही साक्षीदार म्हणून. माझी शिफारस वेगळी असती का, हे मी इथे सांगणार नाही. तिने विचारलं तेव्हा तिला सांगितलं, तेवढं पुरे.

तेव्हा तुला कळवायचं ते एवढंच. तू गुडघ्यात पुन्हा येशीलही. तेवढी ताकद तुझ्यात आहे, हे आम्ही दोघं जाणून आहोत. आलास तर पुन्हा उघडू, पुन्हा धुऊ, पुन्हा ठरवू, आणि ठरवेल तीच. लोभ नसावा.

तिचा साक्षीदार.

ता. क. – ज्यांना डोळे आणि कान आहेत, त्या वाचकांसाठी. उरलेली प्रतिजैविकं कुणाला देऊ नका, चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि डॉक्टरांनी सांगितलेली अर्धवट सोडू नका. अंगावर गळू असेल, नाक वाहत असेल, तर पेशंटला भेटायला जाऊ नका, फोन करा. घरात कुणावर जोखमीची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चार प्रश्न त्या माणसाच्या समोर विचारा : दुसरे मार्ग कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, फसलं तर पुढे काय, आणि तुम्ही स्वतः अशा किती केल्यात. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बोलावलं, तर त्यांनाच आत बोलवा.